सत्त्याऐंशी नंबरचं पान

"असलं तेलकट बाड मी घरात नेऊ?" तारदाळकर साहेबांनी काळं पुस्तक दोन बोटांनी धरलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. "दुसरं दाखव."

ते दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत यायला तशी जागाही नव्हती. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं आमचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. तिच्यावर आबांनी पत्रा टाकला होता आणि दोन्ही अंगांना पार वरपर्यंत फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांवर जुनी पुस्तकं, सगळी यंत्रांची. लेथ, पंप, वेल्डिंग, ट्रक, ट्रॅक्टर. गिऱ्हाईक म्हणजे आयटीआयची मुलं, गॅरेजवाले आणि गावोगावचे मोटार वाइंडिंगवाले. पांढरा सफारी आणि सोनेरी काड्यांचा चष्मा आमच्या पायरीवर कधी आला नव्हता.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा डिसेंबर होता. मी एकवीस वर्षांची होते. साहेबांनी मला ओळखलं नव्हतं. मी त्यांना ते गाडीतून उतरत होते तेव्हाच ओळखलं होतं.

"गाडी कुठल्या सालची म्हणालात साहेब?"

"त्रेपन्नची हिलमन. माझ्या वडिलांची. बारा वर्षं शेडमध्ये पडून आहे. फेब्रुवारीत मुंबईला जुन्या गाड्यांची रॅली आहे, त्यात ती धावणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि कुठल्याही मिस्त्रीच्या हातात मी ती देणार नाही. मी स्वतः करणार. म्हणून पुस्तक पाहिजे. धड पुस्तक."

मी तीन पुस्तकं काढली होती. पहिलं होतं गाडीबरोबर मिळायचं ते छोटं पुस्तक. तेल कुठं घालायचं, चाक कसं बदलायचं, एवढंच त्यात. ते त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नाही. दुसरं हे काळं. गॅरेजमध्ये वापरायचं जाडजूड पुस्तक, मिरजेतलं एक गॅरेज बंद पडलं तेव्हा रद्दीत आलेलं. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर तेल पिऊन काळं झालं होतं. आत समासात कुणा मिस्त्रीनं शाईच्या पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलं होतं, "हा नट उलट आट्याचा", "इथं घाई करू नये".

तिसरं लाल. तेच पुस्तक, अक्षर न् अक्षर तेच, पण कुणीतरी लाल कापडात बांधून घेतलेलं, पाठीवर सोनेरी अक्षरं. कुठल्याशा लायब्ररीच्या रद्दीत आलं होतं. बहुतेक कुणी कधी वाचलंच नव्हतं.

साहेबांनी लाल पुस्तक हातात घेतलं. पानांवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेलं. "हे बघ. पुस्तक असं असतं."

"साहेब, तुम्ही ते काळंच घ्या."

"का?"

"काम करणाऱ्याच्या हातातलं आहे ते. आणि ह्या लाल पुस्तकात—"

"मला काय घ्यायचं ते मला कळतं." त्यांनी कव्हर उघडलं आणि पहिल्याच पानावर थबकले. "हे काय खरडलंय?"

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात आबांचं पेन्सिलीचं अक्षर होतं. डाव्या हातानं काढलेलं, वाकडंतिकडं. आबांचा नियम होता, आलेलं प्रत्येक पुस्तक पान न् पान मोजल्याशिवाय फळीवर ठेवायचं नाही. काही कमी असलं तर पहिल्या पानावर लिहायचं आणि गिऱ्हाइकाला तोंडानंही सांगायचं. लाल पुस्तकावर लिहिलं होतं : "पान ८७-८८ नाही. पुढची चाकं."

"साहेब, ते वाचा. त्यात—"

"पुस्तकात खरडलेलं मला चालत नाही. खोडून दे."

"पण साहेब, पान—"

"खोड म्हटलं ना? तुझ्या दुकानात रबर नाही?"

मी टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं. तरीही मी सांगणार होते. हे मी शपथेवर सांगते, रबर हातात असताना परत तोंड उघडतच होते मी. पण तेवढ्यात साहेबांची नजर वरच्या पाटीवर गेली.

"सुतार बुक स्टॉल," त्यांनी वाचलं. "दौलू सुताराचं का हे? आमच्याकडे प्रेसवर होता तो?"

"हो."

"तू मुलगी त्याची?"

"हो."

ते हसले. वाईट हसले असंही नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाचं बरं चाललेलं बघून हसावं तसे हसले. "म्हणजे झकास चाललंय की! बोटं गेली, पण नशीब उघडलं म्हणायचं दौलूचं. आमच्याकडे राहिला असता तर प्रेसच मारत बसला असता."

मी पान सपाट केलं आणि आबांचं अक्षर खोडलं. नीट खोडलं. रबराचा भुगा फुंकला. मग पुस्तक वर्तमानपत्रात बांधलं, सुतळीनं गाठ मारली आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिलं.

आबांचा अपघात त्याच्या चार वर्षं आधीचा. तारदाळकरांच्या कारखान्यात ते पत्र्याचे भाग ठोकायच्या प्रेसवर होते. प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी असायची. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून. जाळी असली की माल हळू निघतो, म्हणून ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. महिनाभर ती तशीच होती, सगळ्या कारखान्यानं बघितलेली. एका दुपारी उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

आबांना दवाखान्यात नेलं ते साहेबांच्या ड्रायव्हरनं, दस्तगीर मुजावर यांनी. एका हातानं जीप चालवत आणि दुसऱ्या हातानं आबांचं मनगट आवळून. आबा म्हणायचे, दस्तगीरनं मनगट सोडलं असतं तर मी बिंदू चौकापर्यंतसुद्धा पोचलो नसतो.

पुढं सरकारी चौकशी झाली. मी तेव्हा सतरा वर्षांची, आबांचा डबा घेऊन बाहेर बाकावर बसलेली. दार उघडंच होतं. साहेब आत शांतपणे म्हणाले, "जाळी लावूनच काम करायचं, हे त्याला सांगितलं होतं. भिंतीवर पाटीही आहे. त्यानं ऐकलं नाही, त्याला मी काय करणार?" अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. दस्तगीरचाचांना कुणी बोलावलंच नाही.

त्यानंतर आबांना यंत्रापाशी उभं राहवेना. म्हणून ते यंत्रांच्या पुस्तकांपाशी बसले.

तर साहेबांची गाडी वळून गेल्यावर मी काळं पुस्तक उघडलं. लाल पुस्तकात पुढच्या चाकांचं एक पान नाही एवढंच मला माहीत होतं, त्या पानावर काय आहे ते माहीत नव्हतं. शहाऐंशी नंबरच्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं की खालच्या ताटलीचे चार नट सोडवा. एकोणनव्वदाव्या पानाच्या सुरुवातीला होतं की बाहेर काढलेली स्प्रिंग पुसून घ्या आणि तिची उंची मोजा. मधलं पान नसलं तरी वाचणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटलं नसतं. नट काढा, स्प्रिंग पुसा.

सत्त्याऐंशी नंबरच्या पानावर एक चौकट होती. ही स्प्रिंग दाबून बसवलेली आहे. चारही नट एकदम काढू नयेत. आधी ताटलीखाली जॅक लावावा, दोन नटांच्या जागी लांब बोल्ट घालावेत आणि थोडं थोडं सैल करत स्प्रिंग उतरवावी. तसं न केल्यास स्प्रिंग सुटून गंभीर इजा होईल. मिस्त्रीनं शेजारी शाईच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "इथं माणूस जातो."

मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घाबरायला झालं, रडू आलं, असं काही झालं नाही. मला बरं वाटलं. साहेब पांढऱ्या सफारीत गाडीखाली झोपलेत, नट फिरवतायत, असं चित्र मी बुधवारी बघितलं, गुरुवारी बघितलं. शुक्रवारी आईबरोबर भाजी निवडतानाही बघितलं. पुढं काय होतं ते मात्र कधी बघितलं नाही. नट फिरायचे, आणि चित्र तिथंच थांबायचं.

मी स्वतःला सांगत होते, मी सांगितलं होतं. तीनदा तोंड उघडलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी आबा फळ्या लावत होते. डाव्या हातानं पुस्तक धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं आत ढकलायचं, अशी त्यांची रीत होती. मध्येच ते थांबले.

"लाल हिलमन कुठं गेलं गं?"

"विकलं."

"विकलं?" त्यांना आनंदच झाला. "पान नसलेलं पुस्तक कुणी घेतलं?"

मी पाटी पुसत होते. ती पुसत राहिले.

"मालन, कुणी घेतलं?"

"तारदाळकरांनी."

आबा फळीचा आधार घेऊन उभे राहिले. "हितं आलते?"

"बुधवारी. तुम्ही इचलकरंजीला गेला होता तेव्हा."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पुस्तक पाहिजे म्हणाले."

"सत्त्याऐंशी नसल्याचं सांगितलंस न्हवं?"

"सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं नाही."

"मग? लिहिलेलं तर हाय पहिल्या पानावर."

"खोडलं."

"कुणी?"

"मी."

आबांनी काळं पुस्तक काढलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं ते माझ्यापेक्षा चांगली वाचायचे. सत्त्याऐंशीचं पान त्यांनी उघडलं, स्प्रिंगच्या चित्रावर अंगठा ठेवला. मग मिस्त्रीची ओळ वाचली. ती मराठीतच होती.

मला वाटलं, आता मारणार. आबांनी मला कधी हात लावला नव्हता, पण त्या क्षणी मी मान आत घेतली होती.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

"आबा, जाऊ दे की. त्यांनी तुमचा हात—"

"चप्पल घाल म्हटलं."

रिक्षात आबांनी काळं पुस्तक छातीशी धरलं होतं. ताराबाई पार्कातल्या बंगल्यापाशी गुरख्यानं अडवलं, साहेब कामात आहेत म्हणाला. आबांनी त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि फाटक ढकललं. हा माणूस कारखान्यात असताना साहेबांच्या केबिनसमोरून जातानासुद्धा टोपी काढून जायचा.

बंगल्याच्या बाजूला शेड होती. शेडसमोरच्या फरशीवर काळी हिलमन उभी होती, तिचं पुढचं एक चाक काढलेलं आणि अंग लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं. शेजारी वेताची खुर्ची, तिपाईवर चहा. खुर्चीत साहेब बसले होते. इस्त्रीचा पायजमा, अंगात स्वेटर. मांडीवर लाल पुस्तक उघडं होतं आणि ते मोठ्यानं वाचून मराठीत अर्थ सांगत होते.

"खालच्या ताटलीचे चार नट सोडव. किती झाले?"

"दोन निघाले साहेब," गाडीखालून आवाज आला. "तिसरा फिरतोय."

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. खाकी पँट, टाचा फुटलेल्या.

मी जागीच उभी राहिले. आबा मात्र थांबले नाहीत.

"दस्तगीर!" ते ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "हात काढ! पाना सोड आणि बाहेर ये!"

साहेब दचकून उठले. तिपाई कलंडली, कप फुटला. "कोण आहे? कुणी आत सोडलं ह्यांना?"

"दस्तगीर, बाहेर ये आधी!"

दस्तगीरचाचा पाठीवरच सरकत बाहेर आले. कपाळाला ग्रीस, हातात पाना. आबांना बघून त्यांना काहीच समजेना. "दौलू? तू कसा काय?"

"आणखी हात लावू नगंस त्याला."

"काय चाललंय काय?" साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "सुतार, माझ्या घरात शिरून माझ्या माणसाला हुकूम देतोस? काय पाहिजे काय तुला? चार वर्षांनी आता आठवलं का काही?"

"काही नको साहेब. तुमच्या पुस्तकातलं पान गेलंय. नंबर बघा. शहाऐंशीच्या पुढं."

साहेबांनी पुस्तक उचललं. पान उलटलं, परत उलटलं. शिवणीत बोट घालून बघितलं. मी काळं पुस्तक आबांच्या हातून घेतलं, सत्त्याऐंशी उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चौकट वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग गाडीखाली बघितलं. ताटली एका अंगानं बोटभर खाली आली होती.

चाचांनीही वाकून बघितलं. त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. त्यांनी हातातला पाना हळूच फरशीवर ठेवला.

"ही," साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिला माहीत होतं. पहिल्या पानावर काहीतरी लिहिलेलं होतं, ते हिनं खोडलं. माझ्या डोळ्यांदेखत खोडलं!"

"तुम्हीच खोडायला सांगितलंत," मी म्हणाले. "मी सांगत होते. तीनदा सांगायला गेले. तुम्ही ऐकलं नाही."

"ऐकलं नाही? ऐकलं नाही म्हणून गप्प बसायचं? माणूस मरणार असेल तर हात धरून सांगायचं! पुस्तक हिसकावून घ्यायचं! एकदा तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की संपलं का काम?"

"मग जाळीचं आबांना तुम्ही किती वेळा सांगितलं होतं?"

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. गुरखा फाटकापासून पळत आला होता, तोही थबकला.

"मालन, गप," आबा म्हणाले.

"का गप? तेव्हाही तुम्ही गप्पच—"

"गप बस म्हणतो मी! माफी माग."

"मी नाही मागणार."

"मालन."

"ह्यांची? मरेन पण मागणार नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तसं बघणं रागापेक्षा वाईट. मग ते वळले. साहेब खुर्चीपाशी उभे होते, चाचा त्यांच्या शेजारी फाटक्या कापडानं हात पुसत होते. आबांनी हात जोडले. डावा हात अख्खा, उजव्या हाताचा नुसता अंगठा आणि तळवा.

"माझ्या दुकानातनं गेलं हे पुस्तक," ते म्हणाले. "दुकानाचा मालक मी. कुणी काय सांगितलं, कुणी ऐकलं न्हाई, ते मला नको. माझ्या दुकानात झालं म्हंजे जबाबदार मी. माफी मागतो."

फरशीवर सांडलेला चहा पायजम्याच्या कडेला लागला होता, तिकडे साहेब बघत राहिले. आता तरी चूक कबूल करणारं एक वाक्य तोंडातून निघेल असं मला वाटलं. त्या चौकशीपासून मी त्या वाक्याची वाट बघत होते. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. ते काळं पुस्तक इथंच ठेवा आणि निघा."

आबांनी काळं पुस्तक खुर्चीत ठेवलं आणि लाल उचलून काखेत मारलं. आम्ही निघालो. चाचा आमच्याबरोबर फाटकापर्यंत आले नाहीत.

येताना आबांनी रिक्षा केली नाही. ते पुढं आणि मी चार पावलं मागं, असे आम्ही चालत निघालो. स्टेशनच्या अलीकडे मला राहवेना.

"तुम्ही त्याच्यापुढं हात जोडलेत," मी म्हणाले. "तुमचा हात त्यानं घेतला, आणि तोच हात तुम्ही त्याच्यापुढं जोडलात. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही."

आबा थांबले. मागं वळले.

"कुणापुढं जोडले?"

"साहेबांपुढं."

"त्याच्याकडं बघून जोडले मी?"

मी आठवायला लागले. साहेब खुर्चीपाशी होते. शेजारी चाचा.

"खाली कोण झोपलंवतं?" आबा म्हणाले. "साहेबाला वाटलं असंल त्याच्यापुढं जोडले, तर वाटू दे. माझी माफी दस्तगीरपाशी होती. त्यानं माझं मनगट सोडलं न्हवतं." ते पुन्हा चालू लागले. थोडं पुढं गेल्यावर, मागं न बघता म्हणाले, "माझी मी मागितली. तुझी राहिलीया."

दुकानात त्यांनी मला पुढचे चार महिने येऊ दिलं नाही. घरात बोलायचे, पण कामापुरतं. चहा दे, दार लाव. लाल पुस्तक त्यांनी फाडून बंबात घातलं. पुस्तक जाळताना मी त्यांना एवढं एकदाच बघितलं. फेब्रुवारीत पेपरात फोटो आला, मुंबईच्या रॅलीतली काळी हिलमन आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे साहेब. खाली छापलं होतं, कोल्हापूरच्या उद्योगपतींनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेली गाडी. आबांनी फोटो बघितला, पेपरची घडी घातली आणि रद्दीत टाकली. साहेब पुढं पंधरा-सोळा वर्षं जगले. आमच्या पायरीवर परत कधी आले नाहीत.

चाचांकडे मी त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. आबांनी जा म्हटलं नव्हतं. मीच गेले. सदर बाजारात त्यांचं घर होतं, दोन खोल्या, पुढं फरशीचा कट्टा. त्यांनीच दार उघडलं. कामावर निघायच्या तयारीत होते, खाकी शर्टाची बटणं लावत होते. आत त्यांची बायको कुणाला तरी जेवायला बोलावत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मला आत ये म्हणाले नाहीत.

मी रात्रभर जुळवलेलं सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मला किती राग आला, मी कसं खोडलं. चाचांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. बटणं लावून झाली तरी हात तिथंच होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "माफ करा चाचा."

"एक विचारू?"

"विचारा."

"तुझ्या डोळ्यापुढं गाडीखाली कोण होतं?"

"साहेब."

"साहेब?"

"ते म्हणाले होते, स्वतः करणार. मिस्त्रीच्या हातात देणार नाही म्हणाले."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दुसरी कुणी असती तर ऐकून घेतलं असतं," ते म्हणाले. "पण तू दौलूची पोरगी. मालक मी करतो म्हणाला, म्हणजे हात कुणाचे असतात, हे तुला ठाऊक नव्हतं? तुझ्याच घरात?"

मी कट्ट्यावर उभी होते. त्यांनी पायात चपला सरकवल्या, माझ्या बाजूनं उतरले आणि कामावर निघून गेले.